दीड मिनिटाचं गाणं

जेवणानंतर मयूर विहारच्या सोसायटीच्या गच्चीवर बळवंतकाकांनी घसा खाकरला, तेव्हाच क्षिप्राने ओळखलं, आता भूत येणार.

"आमच्या ऑफिसातल्या सुधन्वाची गोष्ट. अगदी खरी."

"तुमच्या सगळ्याच खऱ्या असतात, काका. फक्त ज्याच्या बाबतीत घडलं तो कधी भेटत नाही."

तिचा धाकटा भाऊ वेदांत खिदळला. काका हसले नाहीत.

गेल्या वर्षीची एकोणीस डिसेंबर, शुक्रवार, रात्री पावणेदहा. सुधन्वा तिमारपूरला गेला होता, थोरल्या भावाचं सरकारी क्वार्टर बंद करायला. हा भाऊ, श्याम, नोकरीत असतानाच वारला. वहिनी आणि पुतणी तनया पुण्याला गेल्या. सकाळी चाव्या जमा करायच्या होत्या. मेन स्विच पाडायचा, कुलूप घालायचं, काम खतम.

भावाचा त्याला भारी तिटकारा. पंचेचाळिशीतला घोडा आणि रोज रात्री लहानपणच्या जपानी कार्टूनचं हिंदी टायटल साँग ऐकतोय! दहा वर्षांचा असताना एका रविवारी टीव्हीला टेपरेकॉर्डर चिकटवून श्यामने ते भरून घेतलं होतं, वर स्वतः गातही होता. धाकटा सुधन्वा मध्येच बोलू नये म्हणून त्याचं तोंड हाताने गच्च दाबून. तनयाने बजावलं होतं, "काका, बाबांचं गाणं तेवढंच उरलंय. कॅसेट आणाच." सुधन्वाने दुपारीच ती रद्दीबरोबर कबाडीवाल्याला देऊन टाकली होती.

"वा!" क्षिप्रा फणकारली. "आणि हेच लोक आम्हाला संस्कार शिकवणार."

"ऐक तर. त्याने मेन पाडला. अंधार झाला. तेवढ्यात तनयाचा फोन. 'काका, मिळाली?' नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं... आणि आतल्या खोलीत गाणं लागलं."

"शेजारी कुणीतरी मोबाइलवर लावलं असेल, यार."

"शेजार रिकामा होता."

"मग?" वेदांतने विचारलं.

"श्यामचा जुना टेपरेकॉर्डर तिथेच पडलेला, झाकण उघडं. आत काही नाही. वीज नाही. पण गाणं तेच. त्यावर एका पोराचा आवाज. सुधन्वाला ओरडायचं होतं. जमेना. तोंडावर हात होता. मागून. लहान. गार..."

खाली गार्डची काठी दोनदा आपटली.

"पूर्ण दीड मिनिट. मग गाणं संपलं. हात निघाला. फोनवर तनया रडत होती, हसत होती. 'थँक यू काका. बाबा किती बेसूर गायचे!'"

"आणि त्याने तिला खरं सांगितलं?"

"नाही."

"शी! भुतालाही लाजला नाही."

"दुसऱ्या दिवसापासून दाढी ठेवलीय त्याने," काका हळूच म्हणाले. "पण पाच जागी केस उगवतच नाहीत. डाव्या गालावर चार. उजव्यावर एक. दहा वर्षांच्या पोराची बोटं असावीत... एवढ्याच त्या जागा."