रविराजची सलाईन

"मासळी हाय काय वो त्यात?"

समीक्षानं मान वर केली. सातारा स्टँडवरून सुटलेली सांगलीची एसटी गच्च भरली होती आणि ती थर्माकोलचा डबा पोटाशी कवटाळून सीटांच्या मधल्या वाटेत अडकली होती. डब्याच्या कोपऱ्यातून बर्फाचं पाणी झिरपत होतं... थेट तिच्या कोपरावर.

"मासळी नाही," ती म्हणाली.

"मग आईसक्रीम?"

"तेही नाही."

विचारणारा खिडकीशी बसला होता. सावळा, उन्हात वावरलेला, आणि हसू ओठांत दाबून धरलेला. तो उठला. "बसा तुमी. नसंल बसायचं तर त्या डब्याला तरी बसवा. कवापासनं लेकरागत उराशी धरलाय."

समीक्षाला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच. मिरजेच्या एका संशोधन केंद्रात ती डॉक्टर होती. घोणस चावलेल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने घ्यायला ती साताऱ्याच्या दवाखान्यात आली होती, आणि परतताना केंद्राची गाडी बंद पडली होती. बर्फ वितळायच्या आत डबा प्रयोगशाळेत पोचला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात! म्हणून ही एसटी.

तो शेजारीच दांड्याला धरून उभा राहिला. नाव रविराज. पेठ नाक्यापासून आत त्याचं गाव, आणि तिथं उसाची रोपवाटिका. एवढं त्यानं न विचारताच सांगून टाकलं. मग डब्याकडं बोट दाखवलं. "आता तुमची पाळी."

"सापाच्या विषावर नवं औषध करतोय आम्ही. त्याच्यासाठी आहे हे."

त्याचं हसू विझलं. इतकं पटकन, की समीक्षाला वाटलं आपण काहीतरी भलतंच बोललो.

"माजी वैनी..." तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर तोडणीला आलेला ऊस पळत होता. "उसातच चावली घोणस. दवाखान्यात नेली, विषावरचं इंजेक्शनबी दिलं. पर ते तिच्या अंगाला मानवलं न्हाई. अंगावर गांधी उठल्या, दम कोंडला. डॉक्टरांनी लय धडपड केली..." तो थांबला. "आई गेल्यावर तिनंच वाढवलंय मला."

समीक्षानं मांडीवरचा डबा सरळ केला. मग सांभाळून म्हणाली, "ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनतं. रोज कितीतरी माणसं त्याच्यामुळं वाचतात. साप चावला तर आजही तेच घ्यायचं. पण कुणाकुणाच्या शरीराला ते परकं वाटतं. आम्ही विष मारणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेतच वाढवतोय, माणसाच्या शरीरातल्यासारखी. आधी नळीत तपासली, मग उंदरांवर. आता पुढं निरोगी माणसांवर तपासायचं."

"निरोगी? आजारी सोडून?"

"विषानं खचलेल्या माणसावर पहिल्यांदाच कसं देणार? औषधाचाच त्रास होत नाही ना, हे आधी बघावं लागतं. लोक स्वतःहून येतात त्यासाठी."

"आनी आले न्हाईत तर?"

"तर औषध कपाटातच राहतं."

पेठ नाका आला. तो उतरला, खिडकीखाली येऊन उभा राहिला. "डॉक्टरीणबाई, तुमचं केंद्र मिरजेत कुठंशी?"

तिनं सांगितलं. उगाच विचारलं असेल, असं स्वतःला समजावलंही. तरी बस वळेपर्यंत मागं बघत राहिली.

* * *

थंडी सरली, कारखान्यांची धुराडी शांत झाली, आणि एका सकाळी केंद्राच्या बाकावर रविराज बसलेला दिसला. समीक्षा आनंदानं पुढं झाली... आणि तो कशाला आला असेल हे उमगून थबकली.

"तुम्ही इथं?"

"कपाटातलं औषध काढायला आलोय," तो म्हणाला.

केंद्राची पद्धत पक्की होती. येणाऱ्या माणसाला सगळं सांगायचं, कॅमेऱ्यासमोर सांगायचं, घरी पाठवायचं, विचार करून आला तर पुन्हा सांगायचं. काय होऊ शकतं, काय झालंय, काय ठाऊकच नाही... सगळं. समीक्षानं याआधी दुसऱ्या औषधांच्या वेळीही हे सांगितलं होतं. आज मात्र प्रत्येक वाक्य ती कागदात बघून सांगत होती. ॲलर्जी येऊ शकते. रक्तदाब घसरू शकतो. क्वचित जिवाला धोका होऊ शकतो. माणसाच्या अंगात हे औषध अजून गेलेलंच नाही. तुम्ही पहिले असाल.

कॅमेरा बंद झाल्यावर तो हळूच म्हणाला, "तुमी नको म्हणा, मी आत्ता उठून जातो."

"मला नको म्हणता येत नाही. आणि हो तर मुळीच म्हणता येत नाही. ठरवायचं तुम्ही."

"पर मनात काय हाय?"

समीक्षानं पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं. "मनातलं विचारायचं नसतं इथं."

"मग कुठं विचारू?" त्यानं विचारलं. ते डोळे हसत होते की खरंच विचारत होते, तिला कळेना.

तो पुन्हा आला. तपासण्या झाल्या, सगळ्या उत्तम. आटपाडीला तिच्या आबांची मेंढरं आहेत, हेही त्यानं रक्त देता देता तिच्याकडून काढून घेतलं. पुढं प्रत्येक वेळी तो यायचा तेव्हा आपण आरशासमोर जरा जास्त वेळ उभ्या राहतो, हे तिच्या लक्षात येऊ लागलं. तो दिसला नाही की दिवस ओढावा लागतो, हेही. आणि औषध द्यायच्या आदल्या दिवशी तिला धड जेवण गेलं नाही.

ती सरळ मोठ्या मॅडमकडं गेली. संशोधन मॅडमच्या देखरेखीखाली चाललं होतं. त्यांच्यासमोर उभं राहिलं की खोटं बोलायची सोयच नसायची.

"मॅडम, उद्याच्या स्वयंसेवकापासून मला बाजूला करा."

"का?"

"मला... त्यांच्याकडं फक्त स्वयंसेवक म्हणून बघता येत नाहीये."

मॅडमनी चष्मा काढला. "त्याला माहीत आहे?"

"नाही. मी काहीच बोलले नाही."

"बरं केलंस सांगितलंस. हे आपण एथिक्स कमिटीला कळवू. उद्या त्याला दुसरे डॉक्टर बघतील, आणि त्याची संमतीही आज तेच पुन्हा विचारतील. तू काचेच्या बाहेर. आत पाऊल टाकायचं नाही, काहीही झालं तरी."

"काहीही झालं तरी," समीक्षा म्हणाली. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

* * *

सकाळच्या उन्हात रविराज खाटेवर पडला होता. हाताला सलाईन. औषध थेंबाथेंबानं उतरत होतं. त्यानं मान वळवली, काचेबाहेर ती दिसताच भुवया उंचावल्या... आत का नाही? तिनं नुसती मान हलवली. तो हसला आणि मोकळ्या हातानं चहाचा कप ओठाला लावल्यासारखं केलं. झाल्यावर चहा पिऊ या, असं काहीतरी.

समीक्षा हसणार होती. तेवढ्यात तिला त्याच्या मानेवरची लाली दिसली.

तो मान खाजवत होता. मग छाती. ओठ सुजल्यासारखे दिसू लागले. तो उठून बसायला धडपडला, आणि त्याच्या तोंडून शब्द न येता नुसता घरघर आवाज आल्याचं तिला काचेतूनही कळलं. तिला अंगावर उठलेल्या गांधी आठवल्या. कोंडलेला दम आठवला. जे त्याच्या वहिनीला झालं, तेच... ज्या औषधानं ते होऊ नये म्हणून एवढी वर्षं घालवली, त्याच औषधानं!

"आवं, बघा की तेच्याकडं! दम कोंडलाय तेचा!" ती ओरडली. शिक्षणानं झाकलेली आटपाडीची बोली भसकन बाहेर आली. हात दाराच्या मुठीवर गेला.

आणि थांबला. आतले डॉक्टर कधीच धावले होते. सलाईन बंद झाली, मांडीत इंजेक्शन गेलं, तोंडावर ऑक्सिजन चढला. मॅडम स्वतः त्याच्या उशाशी होत्या. तिथं समीक्षाची गरज नव्हती. आत गेली असती, तर अडचणच झाली असती. तिनं मूठ सोडली, कपाळ काचेला टेकवलं आणि रडली. लाज न बाळगता, हुंदके देत. तिचा श्वास काचेवर धुकं धरत होता. ते पुसून ती पुन्हापुन्हा त्याची छाती बघत होती. वर... खाली... वर...

हळूहळू लाली उतरली. त्यानं डोळे उघडले. काचेकडं पाहिलं, आणि तिचा भिजलेला चेहरा दिसताच तोंड फिरवलं.

अभ्यास तिथंच थांबवला गेला. रविराज बरा होऊन निघाला, तेव्हा त्याला न्यायला वडील आले होते, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले नाथाजी. त्यांनी फाटकाशी समीक्षाला गाठलं. "डॉक्टर, एक सून घालवली आमी. आता ल्योक घालवणार हुता व्हय?"

"तात्या, मी माज्या मर्जीनं गेल्तो. चला," एवढंच रविराज म्हणाला. तिच्याकडं बघितलंही नाही.

* * *

पुढचे महिने केंद्रात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. औषधाची शिल्लक कुपी तपासली, रविराजच्या रक्ताचा थेंबन् थेंब तपासला. सुरक्षा समितीच्या बैठका झाल्या. तो ठरल्याप्रमाणं रक्त द्यायला यायचा, दुसऱ्या डॉक्टरांना भेटून जायचा. समीक्षा मागच्या खोलीत थांबून त्याच्या बोलण्याचा कानोसा घ्यायची. त्याचा फोन कधी आला नाही. का यावा? माणूस मरता मरता वाचला होता.

अखेर निष्कर्ष आला. औषध दूषित नव्हतं. मात्रा जास्त होती आणि वेगही. दोन्ही कमी करून पुन्हा सुरुवात करायला परवानगी मिळाली. पहिल्या माणसाच्या वेळी समीक्षा आत होती. तिची नजर त्याच्या मानेवरून हलली नाही. त्या माणसाला काही झालं नाही. पुढच्यालाही नाही. खऱ्या रुग्णांपर्यंत पोचायला अजून बराच पल्ला होता, पण औषध कपाटातून बाहेर पडलं होतं.

त्याच सुमारास रविराजची शेवटची तपासणी झाली. अभ्यासाशी त्याचा संबंध संपला. पुढच्या रविवारी समीक्षा मॅडमना सांगून पेठ नाक्याला उतरली. वाटेत परत फिरायचं तिनं किती वेळा ठरवलं, तिचं तिलाच ठाऊक.

हिरव्या जाळीखाली उसाची कोवळी रोपं ओळीनं उभी होती. रविराज पाईपनं पाणी मारत होता. ती दिसली आणि पाणी रोपांवर जायचं ते त्याच्याच चपलांवर पडत राहिलं.

"तुमी?"

"सांगायला आले. पुन्हा सुरू झालंय. सावकाश सोडतो आता, कमी देतो. लोकांना सोसतंय." ती एका दमात बोलून गेली. "तुमच्यामुळं कळलं ते."

त्यानं पाईप खाली टाकला. मग मनगटानं डोळे पुसले. "मला वाटलं, माज्यामुळं तुमचं सगळं बुडालं. काचेमागं तुमी रडत हुता... बघितलं मी. औषध हातचं गेलं म्हनून रडतायसा, असं वाटलं. कंच्या तोंडानं फोन करू?"

समीक्षा त्याच्याकडं बघत राहिली. म्हणजे इतके महिने हा तिकडं, आणि मी इकडं...

"मी औषधासाठी नव्हते रडत," ती म्हणाली.

वाऱ्यानं जाळी फडफडली. तो एक पाऊल जवळ आला. "मग?"

"मग काय? सगळं मीच सांगू? तुमी कायबी बोलायचं न्हाई?"

"व्हय की. बोलतो." तो हसला, तेच दाबून धरलेलं हसू. मग ते गेलं, आणि आवाज खाली आला. "त्या दिवशी दम कोंडला तवा मला वैनी आठवली. आनी मग तुमी. मरायचं भ्या न्हाई वाटलं... तुमच्याशी बोलायचं ऱ्हायलं, ह्येचं वाटलं. लय वाटलं."

समीक्षानं हात पुढं केला. त्यानं ओला, मातीनं माखलेला हात अंगाला पुसला आणि तिचा हात धरला. दोघांचेही हात गार पडले होते.

"तात्या रागात आहेत?"

"हुते. काचेमागं एक पोरगी रडत हुती म्हनून सांगितलं, तवापासनं इचारत्यात, ती कोन हुती." तो क्षणभर घुटमळला. "तुमच्या घरी... मेंढरं हायत न्हवं? आबांना म्हना, यंदा कळप खतासाठी आमच्या रानात बसवा. त्या निमतानं तात्या आनी ते बोलतील. मग मी हळूच..."

"हळूच किती वर्षांनी?"

तो गोंधळला. तिनं त्याचा हात न सोडता दुसऱ्या हातानं फोन काढला. आटपाडीच्या माळावर रिंग वाजली. पलीकडून आधी मेंढरांच्या घंटांचा आवाज आला, मग तिच्या वडिलांचा, कोंडीबांचा.

"बोल बाळा. काय गं, रडतीयास काय?"

"न्हाई आबा," समीक्षा रविराजकडं बघत म्हणाली. "सवड काढून या. एक मानूस दाखवायचाय तुमास्नी."