एकतिसावा मुखवटा

सकाळी साडेनऊला चौकीतला फोन वाजला. पलीकडची मुलगी रडत नव्हती, पण तेच वाक्य दोनदा म्हणाली.

"माझी आई अकरा दिवस घरी नाही. मावशी म्हणते, ती माझ्यावर रागावून निघून गेली."

निरीक्षकबाईंनी पत्ता लिहून घेतला. रागावून गेलेली माणसं त्यांनी आजवर ढिगाने पाहिली होती. बहुतेक जण नेलेले कपडे संपले की गुपचूप परत येतात. अकरा दिवस म्हणजे राग जरा जास्तच टिकला होता. म्हणून त्या शिपायाला बरोबर घेऊन स्वतःच निघाल्या.

घर दुमजली होतं. वर दोघी बहिणी राहायच्या, खाली कारखाना. थोरली नाटकवाल्यांसाठी मुखवटे करायची आणि सगळ्या रस्त्याला मुखवटेवाली म्हणूनच माहीत होती. धाकटी दोन वर्षांपासून कोलॅजेनची, सुरकुत्या जातात म्हणून पाण्यातून घ्यायची पावडर विकत होती. रस्त्याकडच्या काचेत डब्यांचा मनोरा रचलेला होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पांढरे चेहरे टांगलेले होते. दोन्ही थोरलीचेच, डोळे मिटलेले. डावीकडच्याखाली 'गेल्या वर्षी' असं लिहिलं होतं, उजवीकडच्याखाली 'या वर्षी'.

निरीक्षकबाई काचेसमोर थबकल्या. गेल्या वर्षीच्या चेहऱ्यावर ओठांच्या बाजूला खोल चिरा होत्या, गाल हनुवटीकडे ओघळलेले होते. यंदाच्या चेहऱ्यावर त्या चिरा जवळजवळ पुसल्या होत्या. कपाळ सपाट झालं होतं, नाकसुद्धा बारीक, रेखीव दिसत होतं. बाई म्हातारी होण्याऐवजी दहा वर्षं मागे गेली होती.

त्यांच्याही कपाटात अशीच एक पावडर होती. सुनेने आणून दिलेली, आठ महिने रोज सकाळी न चुकता घेतलेली. तपासाला आलेली बाई काचेत स्वतःची मान निरखत उभी राहिली, हे शिपायाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आत मुलगी वाट बघत होती. तिशीची, दुसऱ्या शहरातून पहाटेच्या गाडीने आलेली, अजून पायातले बूटही न काढलेली. तिने सांगितलं ते असं. दोन तारखेला तिचं आईशी फोनवर वाजलं. मावशी आईचा मुखवटा काचेत लावून पावडर विकते, ही लोकांची फसवणूक आहे, आणि तू तिला साथ देतेस, असं ती आईला तोडून बोलली होती.

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, कातडी थोडी मऊ वाटते, नखं तुटत नाहीत हल्ली. सुरकुत्या मात्र होत्या तिथेच आहेत. मी म्हटलं, मग हे काचेत सांग ना. त्यावर ती उद्या साच्याच्या वेळी बघते म्हणाली आणि फोन ठेवला." मुलीने ओठ दाबून धरले. "मला एवढंच कळायला हवंय मॅडम. ती माझ्या बोलण्यामुळे गेली का?"

निरीक्षकबाईंनी तिला बसायला सांगितलं. त्या मावशीकडे वळल्या.

धाकटी पन्नाशीची, नीटनेटकी, आवाज मऊ. ती वरच्या मजल्यावर कोमट पाण्यात पावडर ढवळत होती. ओट्यावर दोन पेले होते. एक तिने हातात घेतला, दुसरा तसाच राहिला.

"हा कोणाचा?"

"ताईचा." मग ती भानावर आल्यासारखी हसली. "सवय हो. रोज दोन करते आणि रोज एक ओतून देते."

तिचं म्हणणं सरळ होतं. तीन तारखेला ताईचा साठावा वाढदिवस. दरवर्षीप्रमाणे त्या दिवशी साचा घेतला, मुखवटा काढला. ताई खूश होती. पाच तारखेला सकाळी पिशवी भरून निघाली. कुठे जातेस विचारलं तर म्हणाली, मुलगी फार लागेल असं बोलली, थोडे दिवस मला कोणी नको. फोनही घरीच ठेवून गेली.

"तुम्ही शोधलं नाहीत?"

"ती मोठी. तिच्यापुढे माझं काय चालणार?"

बोलणं चिरेबंद होतं. तरी ओट्यावरचा दुसरा पेला निरीक्षकबाईंच्या नजरेसमोरून हलेना.

त्या खाली कारखान्यात उतरल्या आणि पायरीवरच थांबल्या. समोरच्या भिंतीवर आडव्या फळीवर चेहऱ्यांची रांग होती आणि प्रत्येक चेहऱ्यावर पांढरं फडकं टाकलेलं होतं. मोजून एकोणतीस फडकी. खिडकीतून वारा आला की कापड नाकाशी आत-बाहेर व्हायचं, आणि ओळीने बसलेली माणसं श्वास घेताहेत असं वाटायचं. शिपाई दाराबाहेरच उभा राहिला. त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

"ही फडकी नेहमी असतात?"

"नाही." उत्तर मिस्त्रींनी दिलं. वीस वर्षं थोरलीच्या हाताखाली काम केलेला, बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी कायमची बसलेला माणूस. "मी दोन तारखेला माझ्या मुलीकडे गावी गेलो, सहाला परत आलो. आलो तेव्हा ही घातलेली होती. धाकट्या ताई म्हणाल्या, धूळ बसते."

निरीक्षकबाईंनी एकेक फडकं उचललं. तीस वर्षांची बाई, एकतीस, बत्तीस. चाळीशीत भुवयांमध्ये एक रेघ उमटली. पन्नाशीत गाल सैल झाले. एखादा माणूस डोळ्यांदेखत झिजावा तसे ते चेहरे होते. प्रत्येक मुखवट्याचं नाक थोडं फुगीर होतं आणि नाकपुड्यांत दोन गोल भोकं होती.

"ही भोकं कसली?"

"नळ्यांची. खुर्चीत बसवून तोंडभर प्लास्टर थापतात, मग श्वास कुठून घेणार? म्हणून नाकात दोन नळ्या. नळ्या साच्यातच ठेवून मुखवटा ओततात, म्हणून त्यालाही भोकं पडतात. नाटकवाल्यांना ते बरं पडतं, मुखवटा घालून श्वास घेता येतो. त्यांच्या आजोबांपासूनची पद्धत आहे ही."

"वाढदिवसाचा साचा तुम्ही घेता?"

"छे. तो दोघी बहिणींचा. धाकट्या ताई घेतात. लहानपणी शिकल्यात, हात अजून चांगला आहे. मला त्या दिवशी आत यायला बंदी. वाळल्यावर थोरल्या ताई आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख टाकतात, एखादी ओळ लिहितात."

निरीक्षकबाईंनी तिसाव्या वर्षीचा मुखवटा उलटा केला. तारखेखाली तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आज पोरीचा पहिला दात.' पुढच्या एकावर, 'मिस्त्रींनी साखर समजून चहात प्लास्टर टाकलं.' मिस्त्री ओशाळून हसले आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

"यंदाचा मुखवटा तुम्ही हातात घेतला?"

"नाही. काचेला कुलूप आहे, किल्ली धाकट्या ताईंच्या कमरेला. बाहेरूनच पाहिला." मिस्त्री घुटमळले. "खोटं कशाला बोलू? बघवला नाही. छान आहे, पण ताईंसारखा वाटत नाही."

शंकेची पाल चुकचुकली ती तिथे. निरीक्षकबाई कारखाना फिरल्या. कोपऱ्यात माणूसभर लांबीच्या जागेवर कोऱ्या फळ्या ठोकल्या होत्या आणि वर पावडरीची खोकी रचलेली होती. विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, तिथे माती भिजवायचा दगडी हौद आहे. गळायला लागला म्हणून बंद केला असं धाकट्या ताईंनी सांगितलं.

"गळत होता?"

"मी गेलो त्या दिवशी तर काठोकाठ भरलेला होता."

"आणि प्लास्टर? पुरेसं आहे?"

"तोच तर घोळ आहे. सहा पोती ठेवून गेलो होतो. आता एक आहे. ओल लागली म्हणून फेकली म्हणतात. एका मुखवट्याला दोन किलोसुद्धा लागत नाही हो."

निरीक्षकबाई दाराशी गेल्या. त्यांनी शिपायाला आत बोलावलं, हळू आवाजात दोन माणसं आणि पहारी मागवायला सांगितलं. मग मावशी-भाचीला खाली बोलावलं आणि काचेची किल्ली मागितली.

धाकटीने किल्ली दिली, पण द्यायला वेळ लावला.

एकतिसावा मुखवटा निरीक्षकबाईंनी दोन्ही हातांनी काढून टेबलावर ठेवला. शेजारी गेल्या वर्षीचा ठेवला. कोणीही बसलं नाही.

"मला हा चेहरा फार आवडला होता," त्या म्हणाल्या. "मीही ही पावडर घेते. वर्षभरात एवढा फरक पडतो, हे मला खरं वाटायला हवं होतं. म्हणून सकाळी काचेसमोर उभी असताना डोळे असून मला दिसलं नाही. बाई, याच्या नाकात भोकं का नाहीत?"

"मी बुजवली," धाकटी लगेच म्हणाली. "काचेत बरी दिसत नव्हती."

"बाहेरून बुजवता येतात. आतून?" निरीक्षकबाईंनी मुखवटा उलटा केला. आतली बाजू एकसंध होती. जोड नाही, डाग नाही, खरवड नाही. "इथे भोकं कधी नव्हतीच. नाकात नळ्या घातल्याच नव्हत्या. म्हणून तर नाक फुगलेलं नाही. प्लास्टर घट्ट होईपर्यंत ज्या माणसाला श्वास लागतो, त्याच्या नाकात नळ्या घालाव्या लागतात. हिला त्या लागल्या नाहीत."

मिस्त्रींनी टेबलाची कड धरली.

"बाकीचे गाल बघा. सगळे खाली हनुवटीकडे गेलेत, कारण माणूस खुर्चीत बसलेला आहे. यंदाचे गाल मागे कानांकडे गेलेत. ही उताणी निजलेली होती. माणूस गेला की चेहऱ्याची ओढ सुटते, सुरकुत्या सैल पडतात. हा पावडरीचा गुण नाही. तीस मुखवट्यांच्या आत थोरलीने काहीतरी लिहिलंय. हा आतून कोरा आहे, कारण मुखवटा वाळला तेव्हा लिहायला ती नव्हती. जी तीन तारखेला गेली, ती पाच तारखेला पिशवी भरून कशी निघेल? आणि पाच पोती प्लास्टर कुठे गेलं, ते या फळ्या काढल्या की कळेल."

मुलगी हळूहळू कोपऱ्यातल्या खोक्यांकडे वळली. मावशीकडे तिने पाहिलंच नाही.

धाकटीने नाही म्हटलं नाही. ती मुखवट्याकडे बघत राहिली. अकरा दिवस ज्याला रस्त्याकडे तोंड करून टांगलं होतं, तो पहिल्यांदाच तिच्यासमोर आला होता.

"ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती," ती म्हणाली. "म्हणाली, साचा घे, पण यंदाचा काचेत लावायचा नाही. फरक पडलेला नाही आणि मी तसं लिहिणार आहे. पोरगी बरोबर बोलते म्हणाली. मी दोन वर्षं दारोदार फिरले, कोणी उभं करत नव्हतं. काचेत तिचा गेल्या वर्षीचा चेहरा लावून शेजारी यंदाच्यासाठी जागा ठेवली, तेव्हा कुठे लोक थांबायला लागले होते. मी तिला ढकललं. एकदाच. हौदाच्या काठावर डोकं आपटलं."

"डॉक्टरला बोलावलं नाहीत."

"हाका मारल्या. मग हाका मारायचं काही उरलं नाही."

"मग साचा का घेतलात?"

धाकटीने वर पाहिलं. तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं.

"वाढदिवस होता ना तिचा. तीस वर्षांत एकही चुकला नव्हता. नंतर हौद भरायचा होता, मग तिचा चेहरा कुठून मिळाला असता? मला फक्त तेवढा हवा होता. काचेत लावायचं मनातही नव्हतं." तिचा मऊ आवाज पहिल्यांदा फाटला. "पण साच्यातून निघाली तेव्हा इतकी सुरेख दिसत होती. लोक तिच्याकडे बघायला थांबतील असं वाटलं. आणि थांबले."

दुपारपर्यंत फळ्या निघाल्या. खाली हौद काठापर्यंत पांढरा आणि दगडासारखा घट्ट झालेला होता. पहारीचा पहिला घाव पडण्याआधी निरीक्षकबाईंनी मुलीला बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं.

मुलीने दाराकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती."

"नाही. तुझं ऐकलं होतं तिने."

"माझं ऐकलं म्हणूनच गेली."

निरीक्षकबाईंनी मधलं दार ओढून घेतलं. आतून दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी कागदपत्रं झाल्यावर मुलीने घरातली एकच वस्तू मागितली. काचेतला सुरेख चेहरा पुराव्यात जाणार होता आणि तिला तो नकोही होता. तिने गेल्या वर्षीचा मुखवटा उचलला. खोल चिरांचा, ओघळलेल्या गालांचा, फुगीर नाकाचा. आतल्या बाजूला आईने लिहिलं होतं, 'पावडर आजपासून. बघू काय होतंय. पोर हसेल मला.'

तिने ते वाचलं. मग मुखवटा सुलटा केला आणि आई जिथून श्वास घेत होती त्या दोन भोकांवर बोट ठेवून ती दारात उभी राहिली.