उजवं पाऊल

बसा श्रीपादराव. पलंगावर नको, ह्या खुर्चीवर बसा. लाईट येईपर्यंत दिवा असू दे. मी आयुष्यभर इथे दिल्लीत सरकारी नोकरी केली, भुताखेतांना माझ्याकडे कधी थारा नव्हता. तरी सांगतो.

आमचा चैतन्य गुडगावला नव्या कंपनीत लागला होता. कामावर जाताना मोटरसायकल घसरली. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदू संपलाय. अवयवदानाच्या कागदावर मी सही केली. यकृताचे दोन भाग करणार होते. उजवा, मोठा, एका गृहस्थाला. डावा, लहानसा, चार वर्षांच्या एका मुलीला. नावं सांगत नाहीत. चंद्रप्रभा, आमची ही, एवढंच म्हणाली, "दोघंही जगू देत."

मग आपल्या रीतीप्रमाणे तिनं त्याच्या खोलीत दिवा लावला, शेजारी ताटात पीठ पसरून वर टोपली झाकली. गेलेला कुठल्या जन्माला गेला त्याची खूण पिठात उमटते म्हणतात. म्हटलं, कर बाई, तुला बरं वाटत असेल तर.

तिसऱ्या दिवशी टोपली उचलली. पिठात दोन पावलं होती, मोठं उजवं आणि चिमुकलं डावं. चंद्रप्रभा त्या दिवशी पहिल्यांदा जेवली. मग रोज आधी पावलं बघायची, नंतर घास घ्यायची.

नवव्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला होता. मी टोपली उचलली. मोठं पाऊल होतं. लहान नव्हतं... तिथलं पीठ नुकतंच चाळल्यासारखं सपाट. आमच्याकडून कागद भरून घेणाऱ्या हॉस्पिटलातल्या सुरुचीला फोन लावला. विचारलं, ती मुलगी कशी आहे? तिनं उलट मलाच विचारलं,

"अंकल... आपको किसने बताया?"

चंद्रप्रभेला कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की तुझा मुलगा अर्धा पुन्हा गेला? गोकुळाष्टमीला ती बाळकृष्णाची पावलं काढते, तशी मी पिठात मूठ टेकवली, वर बोटं उठवली. तिला जाग यायच्या आत उरकायचं होतं. अंगठा भलत्याच बाजूला लागला आणि पाऊल उजवं झालं. तेवढ्यात ती उठली. मी टोपली झाकली.

दहाव्या दिवशी सकाळी उठलो तर टोपली बाजूला पडलेली. मोठं पाऊल जागच्या जागी होतं. मी काढलेल्या उजव्या पावलाशेजारी ताजं डावं उमटलं होतं. आणि ताटाबाहेर, फरशीवर, पिठाची इवली पावलं... उजवं, डावं, उजवं, डावं... दारातून आमच्या पलंगापर्यंत, चंद्रप्रभेच्या बाजूला. परतीचं एकही नाही. एका पायानं चालता येत नव्हतं त्या मुलीला. दुसरा मी दिला.

चंद्रप्रभा रडत म्हणाली, "आला हो माझा."

कुणाची तरी लेक ती. तिची आई तिकडे कुठे वाट बघत असेल, देव जाणे.

वर्ष झालं. चंद्रप्रभा रोज आत सरकून झोपते, कडेला थोडी जागा ठेवते. ते ताट तर मी तेव्हाच यमुनेत सोडलं. तरी सकाळी तिथली चादर झाडली, की पीठ पडतं.