घासाघीस करू ये

एका हातानं डबा खायचा आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायच्या, हा तिचा रोजचा नेम. अगदी पूजेसारखा, चुकला तर दिवस चुकला.

नोकरीही त्याच वळणाची. गाड्यांच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटसाठी ती लिहायची. कुणी नवं मॉडेल आणलं, कुणी सदोष गाड्या परत मागवल्या... त्या दिवशी मात्र सकाळी लिहिलेली बातमी तिच्याच जिव्हारी लागली होती. एका जुन्या कंपनीनं हाताच्या गिअरची शेवटची दोन सीटांची गाडी बाहेर काढली होती आणि तसल्या गाड्यांच्या विभागाला कुलूप ठोकलं होतं.

"आता नाही घेतली तर कधीच नाही," ती शेजारच्या मैत्रिणीला म्हणाली.

"पण तुला हाताचा गिअर येतो तरी का गं?"

"शिकेन."

देवानं तिला बाकी सगळं मापात दिलं होतं. हट्ट घालताना तेवढा त्याचा हात सैल सुटला असावा.

आणि तेवढ्यात... ती दिसली! लाल, गोल दिव्यांची, दोनच सीटांची. बॉनेटवर एक मांजर खुशाल झोपलेलं. खाली मजकूर होता – 'मनापासून सांभाळलेली गाडी. चालवणाऱ्यालाच देणार. घासाघीस करू ये.'

ती थबकली, मग खुदकन हसली. बिचाऱ्याला लिहायचं होतं 'करू नये'. एक 'न' काय गळला, दटावणीचं आमंत्रण होऊन बसलं!

तिनं लगेच लिहिलं, "येते. रविवारी चालेल?"

"कशाला?" उलट प्रश्न आला.

"घासाघीस करायला. तुम्हीच बोलावलंय, तेही एकेरीत."

पलीकडून उत्तर आलं – "अरे देवा! म्हणून सकाळपासून सगळे भाव पाडतायत होय! या तुम्ही. पण घासाघीस होणार नाही."

"बघू," तिनं लिहिलं.

रविवारी ती पोचली तेव्हा तो गाडीच्या बॉनेटला स्टेथोस्कोप लावून उभा होता. जनावरांचा डॉक्टर होता तो. एका चढाच्या पायथ्याशी त्याचा दवाखाना, आणि दवाखान्याला लागून पत्र्याची शेड. केस विस्कटलेले, बाहीवर कुठल्यातरी शेळीचे पांढरे केस. डोळे मात्र... जाऊ दे. ती गाडी बघायला आली होती.

"काय म्हणतोय पेशंट?"

"ठोके ठीक आहेत." त्यानं वर पाहिलं. "तुम्हीच का त्या, एकेरीतल्या?"

"मीच. विकताय कशाला एवढी लाडकी?"

"हिच्यात वासरू मावत नाही हो! परवा एक मेंढी शेजारच्या सीटवर पट्टा लावून आणली. लोक गाड्या थांबवून बघत होते. महिनाअखेरीस व्हॅन येतेय, शेड रिकामी करायला हवी." तो जरा गंभीर झाला. "घ्यायला एक हौशी गृहस्थ तयार आहेत. पण ते हिला दिवाणखान्यात शोभेला ठेवणार. मला ते बघवणार नाही. तुम्ही चालवाल ना?"

"चालवेन. फक्त... मला हाताचा गिअर येत नाही."

तो बघतच राहिला. "मग नेणार कशी?"

"तुम्ही शिकवाल. 'चालवणाऱ्यालाच देणार' म्हणालात ना? मग तयार करा चालवणारी."

"यालाच घासाघीस म्हणतात का?"

"हो, यालाच."

तो मनापासून हसला आणि चढाकडे बोट करून म्हणाला, "ते मधलं पिवळं फाटक दिसतंय? तिथे गाडी पूर्ण थांबवायची. मग मागे न घसरता पुन्हा उचलायची आणि माथ्यावर न्यायची. महिनाअखेरपर्यंत जमलं तर सांगितलेल्या किमतीत गाडी तुमची. नाहीतर... दिवाणखाना."

आता त्या चढाची गंमत बघा. दर रविवारी गाडी फाटकापर्यंत गुणी मुलीसारखी जायची, आणि तिथून उचलायला गेलं की आचका देऊन गप्प! नाहीतर मागे घसरायची, आणि दोघांचे हात एकदमच हँडब्रेकवर पडायचे. मग दोघंही आपापल्या खिडकीबाहेर बघायचे – जणू बाहेर काहीतरी फारच महत्त्वाचं चाललंय.

"अगं सोड, सोड... हळू सोड!" एकदा तो ओरडला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... सोडा."

"काय सोडू? क्लच की अहो-जाहो?"

"आधी क्लच."

एकदा तिच्या पोटरीला गोळा आला तेव्हा त्यानं आतून गरम पाण्याची पिशवी आणली. "पिल्लांना शेकायची आहे. धुतलीय, बरं का."

घरी दादा टोमणे मारायचा, "आपोआप गिअर पडणारी घे की! म्हातारी गाडी न् आडमुठी बहीण, छान जमेल." ती ऑफिसात टेबलाखाली पाय दाबत-सोडत राहायची. बातमी कुठलीही असो, पाय चढावरच असायचा.

शेवटचा रविवार उजाडला. हौशी गृहस्थ संध्याकाळी गाडी न्यायला येणार होते. पायथ्याशी तो दार उघडून खाली उतरला.

"आज एकटीनं."

"का?"

"मी शेजारी असलो की तुम्ही रस्त्याकडे बघत नाही."

"तुम्हीच माझ्याकडे बघता!"

"तेच म्हणतोय."

फाटकापाशी तिनं गाडी थांबवली. भीती नुसती चढाची नव्हती. जमलं, तर पुढच्या रविवारी इथे यायला काही कारण उरणार नव्हतं. नाही जमलं तर...? क्षणभर मोह झाला. पण मुद्दाम हरायला ती कधी शिकलीच नव्हती. 'देवा, पाय तेवढा सांभाळ,' ती पुटपुटली. क्लच हळू सुटला, इंजिनाचा सूर खाली उतरला, तिनं हँडब्रेक सोडला... आणि गाडी एक बोटभरही मागे न येता वर निघाली.

माथ्यावर तिनं इंजिन बंद केलं. आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि ऐकायला शेजारी कुणी नव्हतं. गाडी वळवून खाली जाणार, तोच तो चढ चढून येताना दिसला. धापा टाकत, हातात एक पाकीट.

"धावत कशाला आलात? मी येतच होते की खाली."

"म्हणूनच." त्यानं श्वास सावरला. "गाडीचे कागद, जादा किल्ली, सगळं आणलंय. हे घ्यायला तुम्ही परत आला असता, तर मला कळलं नसतं... तुम्ही कशासाठी आलात ते." पाकीट त्यानं तिच्या हातात दिलं. "आता माझ्याकडे तुमचं काही राहिलेलं नाही. आता सांगा, पुढच्या रविवारी याल?"

"नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पार उतरला.

"तुम्ही यायचं, आमच्या घरी. मी आईला सांगून ठेवलंय, जनावरांचे डॉक्टर येणार आहेत म्हणून."

"घरी जनावर आहे?"

"दादा आहे."

तो हसता हसता दारापाशी वाकला. "आईंना एवढंच सांगितलंय?"

"नाही... तिला सांगितलंय की गाडी तर मी मिळवणारच." तिनं पाकीट सीटमागे टाकून शेजारचं दार आतून उघडलं. "पण हट्ट आता गाडीचा राहिलेला नाही. बस आत."