काठी पलीकडे आहे

एकच बोगदा, त्यात एकच लोहमार्ग आणि दोन्ही टोकांना गाड्या. संगणक बंद पडला तर टक्कर टाळायची कशी, सांगा बरं?

चंद्रावरच्या शाळेत कुमुदबाईंनी तिसरीला हाच प्रश्न घालून व्हिक्टोरिया राणीचा काळ शिकवायला घेतला. तेव्हा इंग्लंडात आगगाड्या धावायच्या, पण संगणक कुठला आलाय! म्हणून काही एकेरी मार्गांवर (जिथं जाणं-येणं एकाच रुळांवरून) एक काठी असायची. काठी ज्याच्या हातात, त्यानंच आत शिरायचं. हे करून बघायला बाई अर्धा वर्ग आणि एक लाल काठी घेऊन ढकलगाडीनं बोगद्यापलीकडे गेल्या. अलीकडची स्टेशनमास्तर झाली शाल्मली.

आणि नेमकं तेव्हाच सौरवादळ (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा लोंढा) धडकलं. दिवे गेले. फोन बंद पडण्याआधी एवढंच कळलं, की पलीकडच्या खाणीतलं हवायंत्र थांबलंय आणि हवा जेमतेम तासाभराची उरलीय. खाणीत शाल्मलीचे बाबा होते.

धोंडू, म्हणजे मालगाडी हाकणारा यंत्रमानव, प्राणवायूच्या टाक्या लादून हजर झाला.

"बाजूला हो, पोरी. माझ्या नोंदीप्रमाणे बोगदा रिकामा आहे."

"नोंद वादळाआधीची आहे. काठी कुठंय?"

"पलीकडे. पण त्या लाकडाला काय कळतंय?"

"काही कळत नाही, म्हणून तर ती चुकत नाही!" शाल्मली ओरडली. "तुझी नोंद दहा ठिकाणी असू शकते. काठी एका वेळी एकाच ठिकाणी असते. ती इथं नाही, म्हणजे तू जायचं नाहीस."

"तुझे बाबा तिकडे आहेत ना?"

तिला रडू कोसळलं. तरी ती रुळांवर फतकल मारून बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाबांना काही झालं तर तो आपलाच दोष, असं वाटत असूनही ती जागची हलली नाही.

इतक्यात अंधारातून खडखडाट आला. बिनदिव्यांची ढकलगाडी, गाडी चालवायचा दांडा वरखाली मारून घामाघूम झालेल्या बाई आणि चौदा पोरं!

बाईंनी काठी धोंडूच्या हातात कोंबली. "पळ!"

अर्ध्या तासानं बंद पडलेला फोन पुन्हा खरखरला. "शाल्मली, हवा पोचली गं," बाबा म्हणाले. शाल्मली बाईंना घट्ट बिलगली.

मागोमाग धोंडूचा आवाज आला, "उद्या दोन काठ्या करू या का? कुणाचाच खोळंबा नको."

"खबरदार!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.