तुलनेची ओळ

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. तिच्यावर आपटून अकरा ते पावणेबारा एवढाच काय तो उजेड आत येतो. त्या पाऊण तासाच्या भरवशावर आई ओट्यावर ट्रेमध्ये बी पेरते. ओवा, शेपू, सब्जा, जे मिळेल ते. रोपांनी एकाच बाजूला मान टाकू नये म्हणून रोज सकाळी ट्रे अर्धा फिरवते.

बी मीच आणून देते. मी बियाणं तपासणीच्या ऑफिसात आहे. शंभर दाणे ओल्या टिपकागदावर मांडायचे, आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं आणि आकडा लिहायचा, हे माझं बारा वर्षांचं काम. तिथं मला ‘शंभरी’ म्हणतात. साहेब तर म्हणतात, हिला भात वाढला तर आधी शितं मोजेल. मोजणारे अंदाजपंचे आकडे ठोकतात की काय, हे कळावं म्हणून मध्ये एक ओळ भट्टीत भाजून मारलेल्या दाण्यांची असते. तिला आम्ही तुलनेची ओळ म्हणतो. तिथं शून्यच यायला हवं.

आठ महिन्यांपूर्वी माझी धाकटी बहीण साध्या तापानं गेली. तेव्हापासून आई बोलायची ती रोपांशी, नाहीतर रोपांबद्दल. तिनं पुन्हा माणसांत यावं, एवढ्याचसाठी माझी ही बी आणायची धडपड चालली होती.

एका संध्याकाळी मी घरी आले तर आई दारातच उभी.

“ताई, तुझा शेपू काय जोमात आलाय गं!”

धाकटीमुळे आईही मला ताईच म्हणते.

“कुठला शेपू?”

“ते पाकीट नव्हतं का तुझ्या पर्समध्ये? वर ‘मे’ लिहिलेलं. म्हटलं, मे महिन्यात पेरायचा असेल.”

मला हसू आलं आणि मध्येच थांबलं. ‘मे’ म्हणजे मेलेलं. भाजलेल्या दाण्यांच्या पाकिटावर आम्ही एवढंच लिहितो. पाकीट चुकून माझ्याबरोबर घरी आलं होतं.

भट्टी बिघडली असणार, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी ती तपासून घेतली. भट्टी ठणठणीत होती. मग आईच्या ट्रेमध्ये मी स्वतः शेपूचे शंभर चांगले दाणे पेरले आणि शेजारी, त्याच मातीत, शंभर भाजलेले. आठव्या दिवशी चांगल्यांतला एकही वर आला नव्हता. भाजलेले मोजले. शंभर. पुन्हा मोजले, शंभरच. बारा वर्षांत शंभराला शंभर मी कधी लिहिलेले नाहीत.

मी इतकी हादरले होते की ‘मे’ म्हणजे काय, ते आईला सांगून बसले. सांगायला नको होतं.

 दुसऱ्या दिवशी तिनं केस विंचरले, चहा केला, कपबशा विसळताना काहीतरी गुणगुणली. आठ महिन्यांनी! मला एवढं बरं वाटलं की कारण विचारायचं सुचलंच नाही.

कारण ट्रेमध्ये होतं. माती सारखी केलेली, दोन ओळी, मध्ये काडी आडवी घातलेली.

“काय पेरलंयस?”

“दुधाचे दात. दोघींचे दोन डब्यांत जपून ठेवले होते मी. खिडकीकडच्या ओळीत धाकटीचे आहेत.”

“आणि अलीकडे?”

“तुझे. तुलनेची ओळ नको का? तूच सांगतेस ना? तुझ्या ओळीत काही यायचं नाही. तू आहेस की.”

मी तिच्याशी वाद घातला. पडलेले दात सगळे सारखेच मेलेले, उगवले तर दोन्ही ओळी उगवतील, नाहीतर एकही नाही. आपण कशावर वाद घालतोय, हे लक्षात आल्यावर मलाच कसंतरी झालं.

“बघू की,” आई म्हणाली. “आठ दिवस ट्रे हलवायचा नाही.”

आठवा दिवस रविवारचा होता. अकरा वाजता भिंतीवरून उजेड आला आणि मी स्टूल ओढून बसले.

एक ओळ उगवली होती. पांढऱ्या, लांबट काड्या, प्रत्येकीला दोन पानं. असली पानं मी कुठल्याच बियाण्याची पाहिलेली नाहीत. खिडकीकडे एकही वळली नव्हती. सगळ्या माझ्याकडे झुकल्या होत्या.

मी उठून दाराशी गेले. श्वास रोखून पाच मिनिटं तिथं उभी राहिले. आता त्यांच्या माना दाराकडे होत्या.

धाकटीची माती सपाट होती.

“सवयीनं ट्रे फिरवलास ना, आई?”

“नाही गं.”

“मग डबे बदलले असतील!” मी जवळजवळ ओरडलेच.

 मी चमचा घेतला आणि पहिली काडी मुळासकट उचकटली. मुळं एका दाताला घट्ट धरून होती. मी तो धुतला, उजेडात धरला.

त्याचा एक कोपरा उडालेला होता. सहा वर्षांची असताना मी जिन्यावरून पडले होते.

 आईकडे पाहवेना. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून मी दोन बोटं मनगटावर टेकवली.

आई जवळ आली. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

“नको मोजूस,” ती म्हणाली.