झाकणाआधीची हाक

शेकोटीतलं ते लाकूड जरा आत सरकव रे, पोरा. मिरची कुठे पळून जात नाही. मिरची वाळवायच्या पथारीची राखण म्हणजे रात्रभर जागणं आलं, आणि जागायचंच आहे तर ऐका. माझ्या शेजारच्या उमाकांतवर गुदरलेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर उद्या म्हसावदला जाऊन बघा.

मागच्या मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवारची रात्र. भंगारवाल्या हेमराज शेठनं लिलावात एका जुन्या रेल्वे इंजिनाचा बॉयलर घेतला होता. पाणी उकळून वाफ करायची ती अजस्र लोखंडी टाकी. शेठ म्हणाला, "उमाकांत, ट्रेलर धानोराना गोडाउनले लई जाय. सकाळे कटरवाला येतीन." रोजचंच काम. जेवून, सुपारी तोंडात टाकून उमाकांत निघाला.

पण निघण्याआधी साखळ्या आवळायला वर चढला, तेव्हा वरचं झाकण त्यानं पाहिलं. त्यावर कोरलेला नंबर पाहिला आणि ओळखलं.

तरुणपणी तो इंजिनाच्या कारखान्यात होता. कुठल्या ते विचारू नका, नाव घेतलं की माझं डोकं फिरतं. एके काळी तिथे अख्खी इंजिनं बनायची, लोखंड ओतण्यापासून रंग देण्यापर्यंत. मग बनवणं थांबलं, दुरुस्ती उरली. तरी थाट काय! कारखान्याचा भोंगा वाजला की आसपासची गावं जेवायला बसायची. पुढे डिझेल आलं, वीज आली, वाफेची इंजिनं म्हातारी ठरली. एकेका शेडला कुलूप लागलं. आता आत बाभळी माजल्यात. माणसांनी तिथे हाडं झिजवली, आणि हातात काय पडलं? निरोपाचा नारळ. तोही सगळ्यांना नाही.

बॉयलरच्या आत उतरून साफसफाई करायला सडपातळ माणूस लागे. म्हणून सातपुड्यातली पोरं भरायचे. त्यातलाच बाज्या पावरा. बायको तुळशीबाई म्हसावदला. तिथे एक रीत होती. झाकण लावण्याआधी सगळ्यात नव्या कामगारानं बॉयलरवर हातोडी ठोकायची आणि ओरडायचं, "आत कोन शे?" आत असेल तो ठोकून उत्तर द्यायचा. उत्तर नाही आलं, तरच झाकण.

शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर काढायचं होतं. सकाळी बँड, हार, मोठे पाहुणे. आदल्या संध्याकाळी मुकादम घाईला आला. "हाकबिक राहू दे. झाकण लाव." सगळ्यात नवा, म्हणून हाक देणारा उमाकांत. त्यानं लावलं. पाणी भरलं. रात्रभर विस्तव धगधगला. सकाळी इंजिन सजून निघालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाज्या परत कुणाला दिसला नाही. सगळे काय ते समजले, आणि नोकरीच्या भीतीनं सगळे गप्प बसले. तुळशीबाई फाटकावर आली, तर तिला सांगितलं, तो एक बाई घेऊन सुरतेला पळाला. नवरा मेला हेच माहीत नाही, मग त्याचं क्रियाकर्म कुठलं? भर बाजारात बाया तिला पळपुट्याची बायको म्हणायच्या. आणि ज्या नोकरीसाठी हे सगळे मुके झाले, ती नोकरीही गेलीच. थू असल्या गप्प बसण्यावर.

तर उमाकांतनं तेच झाकण ओळखलं, आणि याही वेळी काही बोलला नाही. ट्रेलर चालू केला.

नंदुरबारचे दिवे मागे पडले. दोन्हीकडे कापूस. मागून आवाज आला... ठक्.

साखळी असेल. त्यानं उतरून साखळी आवळली. पुन्हा निघाला.

ठक्. ठक्.

त्यानं शेठला फोन लावला. शेठ झोपेतच खेकसला, "लोखंड शे ते! थंडीमा वाजस." फोन कट.

उमाकांतनं गाडी बंद केली. सगळं शांत. कुत्रंसुद्धा नाही.

ठक्...

हातात पाना घेऊन तो वर चढला.  त्यानं बॉयलरवर पाना मारला.  मग ओरडला.

"आत... आत कोन शे?"

...

ठक्.

"बाज्या?"

ठक्.

इतक्या वर्षांचे गंजलेले नट. हातानं फिरले. झाकण सरकलं. आत अंधार. गार. कुणी नाही.

मग ट्रेलरच्या पाट्या करकरल्या. एक बाजू वर उचलली गेली. त्या बाजूनं कुणीतरी खाली उतरावं तशी. डांबरावर अनवाणी पावलं वाजली. तापीच्या, म्हणजे म्हसावदच्या दिशेनं.

"बाज्या, मन्हं चुकनं रे..."

पावलं थांबली.

...

पुन्हा चालू लागली.

सकाळी कटरवाल्यांनी बॉयलर उभा चिरला. आत हाडाचा तुकडासुद्धा नाही. शेठ हसला. उमाकांत मात्र मला मोटरसायकलवर घेऊन थेट म्हसावदला गेला. सगळं सांगून टाकायचं त्यानं ठरवलं होतं.

तुळशीबाई ओट्यावर बसली होती. त्यानं तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "रातले उना व्हता तो. आवाज त्यानाच. रातभर दार ठोकी ऱ्हायंता." मग थुंकली. "दुसरी करीसन पळना, आते म्हातारपनमा घर याद उनं? मी दार उघाडं नही."

उमाकांत तिच्या पायांवर पडला. सगळं सांगितलं. झाकण, हाक, विस्तव, सगळं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. रडली नाही.  नुसती मान वळवून दाराकडे बघत राहिली...

मीही बघितलं. बाहेरच्या बाजूनं, दाराच्या अगदी खाली, माणूस उंबऱ्यापाशी बसून ठोकेल तिथे, पांढरा पंजा उमटला होता. बोट लावलं. कडक, खरखरीत. बॉयलरच्या आत वर्षानुवर्षं पाण्यातल्या क्षाराचा थर धरतो ना, तो. तिनं घासला, पुसला, निघत नाही. त्या दिवसापासून ती रात्री दार लावत नाही. पण दुसऱ्यांदा कुणी आलेलं नाही.